तिसरं लेकरू

प्रोफेसर लान्येरो गुलू शहराजवळच्या त्या अंगणात पोचल्या तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मानवी हक्कांच्या कायद्यात त्यांनी जे नाव कमावलं, ते याच अंगणाच्या जिवावर. वीस वर्षांपूर्वी हत्यारबंद माणसांनी इथली झोपडी पेटवली आणि इथे राहणाऱ्या लामवाकाची दोन मुलं आत जळाली. तिची जबानी लिहिताना लान्येरोंनी शिरस्त्याप्रमाणे तिचं नाव बदललं, आणि कुणी ओळखू नये म्हणून दोनाची तीन मुलं केली. त्या जबानीवर प्रबंध झाला, पुस्तक झालं, प्रोफेसरकी मिळाली.

आता अरुशाच्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाला खरी जबानी हवी होती. दोन मुलांची, खाली लामवाकाचा अंगठा. सोमवारपर्यंत ती पोचली नाही तर अख्ख्या गावाचा खटला बुडणार होता.

अंगणात मात्र थडगी तीन होती. तिसरं लहानसं, ताजं सारवलेलं. लान्येरोंनी ती पुन्हा मोजली.

"ये गं मास्तरीणबाई," लामवाका म्हणाली. "केस पिकले की तुझे. लिहून लिहून?"

तिने रताळी आणि मलाक्वांगची आंबट भाजी वाढली. ताटल्या तीन.

"मेगो," लान्येरोंनी तिला आईच्या मानाने हाक मारली, "ही तिसरी कुणाची?"

"तू आणलीस तिची. शाळेत तुझं पुस्तक वाचून दाखवलं ना, त्या दिवसापासून आहे. बाहेरच बसते. भाऊ खेळायला घेत नाहीत तिला."

"ती नव्हतीच गं. तुझ्या जिवाला धोका नको म्हणून मी लिहिली."

"ठाऊक आहे. जळून मरायलाच जन्माला घातलीस. वर नाव द्यायलाही विसरलीस." म्हातारीचा आवाज जराही चढला नाही. "कागदावर दोनच लिहिलीस तर ती जाईल कुठे? नाव दे आणि घेऊन जा. मग अंगठा देते."

इतकी पुस्तकं लिहिलेल्या बाईला नाव सुचेना. शेवटी एकच आठवलं, स्वतःच्या मुलीसाठी जपून ठेवलेलं. परिषदा, निवाडे, विमानं या धावपळीत ती मुलगी व्हायची राहूनच गेली होती.

"लाकेर," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

लामवाकाने अंगठा उमटवला आणि तिसरी ताटली उचलली. कुणी हात न लावताच ती रिकामी झाली होती.

ड्रायव्हर ओकुमु गाडीपाशीच थांबला होता, अंगणात आलाच नव्हता. त्याने मागचं दार उघडलं. प्रोफेसर आत बसल्या, तरी तो दार धरूनच उभा राहिला.

"जरा सरका, मॅडम," तो म्हणाला. "पोरीला खिडकीशी बसायचंय."

लान्येरो सरकल्या.