आपोआप स्वच्छ होणारी मळकी काच

मी एक खिडकीची काच आहे. जुनी नाही, मला वर्षसुद्धा झालेलं नाही. पण मित्रांनो, माझं डोकं असं फिरलंय की आज कोणाचीही भीडभाड ठेवणार नाही.

कारखान्यात माझ्या एकाच बाजूवर एक लेप चढवला गेला. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर ऊन पडलं की चिकटलेली घाण सुटते आणि पाऊस आला की वाहून जाते. म्हणून त्या बाजूला चिठ्ठी डकवली होती : 'ही बाजू बाहेर'. तीन शब्द! ते वाचायला काय मोठा पंडित लागतो?

घरमालक भारी हौशी. मी दारात येताच त्याने चिठ्ठी टरकावली. का, तर माझा फोटो काढताना चमक दिसेना! मग मिस्त्रीने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, बाहेरची बाजू कुठली?"

"अहो, काच आहे ती! दोन्हीकडून सारखीच. बसवा."

बसवली. लेप खोलीच्या आत, पंख्याच्या वाऱ्याला. आणि बाहेर रस्त्याच्या धुळीला माझी साधी पाठ. वर बायकोला ऐटीत सांगितलं, "आता फडकं फेकून दे." तिनेही फेकलं.

मालकाची आई माझ्यापाशी बसायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं जिना उतरणं बंद झालं होतं. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत तिच्याच वयाची एक बाई यायची. नाव ठाऊक नाही, फोन नंबर नाही. आई तिला काठीवाली म्हणायची. रोज सकाळी काठीवाली काठी उंच करायची आणि आई टॉवेल हलवायची. काठी दिसल्याशिवाय आई चहाला तोंड लावत नसे.

दोन महिन्यांत माझी पाठ धुळीने माखली. पावसाने त्या धुळीचे चिखलाचे ओघळ केले. "काठीवाली दिसेनाशी झाली गं," आई सुनेला म्हणाली. "जरा काच पुसतेस का?"

"ती आपोआप पुसली जाते, आई!" मुलगा आतून ओरडला. "तुझेच डोळे अधू झालेत."

ऐकलंत? डोळे अधू झालेत म्हणे! आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याने विचारलं, "आम्हीही घ्यावी का हो अशी काच?" तर हा म्हणतो, "डोळे झाकून घ्या!" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

आईला ते खरंच वाटलं हो. तिने पेपर सोडला, विणकाम सोडलं, भिंत चाचपत चालू लागली. बाहेर काठीवाली रोज काठी उंचावायची, तशीच धरून वाट बघायची, मग हळूच खाली करायची. हे सगळं मला दिसत होतं. मला तोंड असतं तर सगळी गल्ली गोळा केली असती.

शेवटी आईला खुर्चीत बसवून, उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "आजींचे डोळे ठणठणीत आहेत. अंधुक कुठून दिसतं?"

"आमच्या खिडकीतून," आई म्हणाली.

"मग खिडकी तपासा."

घरी येताच सुनेने पदर खोचला, शेजारचं तसंच माखलेलं तावदान सरकवलं आणि हात बाहेर घालून ओल्या टॉवेलाने मला पुसलं. टॉवेल काळाकुट्ट झाला. आई पुढे वाकली. गॅलरी लख्ख दिसली, पण रिकामी. दाराला कुलूप होतं.

मुलगा धावत खाली गेला. समोरचा वॉचमन म्हणाला, "त्या बाई ना? पंधरवडा झाला, मुलीकडे राहायला गेल्या. गाव ठाऊक नाही. जाताना विचारत होत्या, समोरच्या खिडकीतल्या बाई वारल्या का म्हणून."

मुलाने वर येऊन हे सांगितलं तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. माझ्या मते व्हायलाही नको.

मित्रांनो, माझ्यासारखी काच घ्यावी का? हात पोचत नसेल, ऊन-पाऊस थेट लागत असेल, तर जरूर घ्या. पण चिठ्ठी वाचा, फडकं फेकू नका, आणि घरातलं म्हातारं माणूस दिसत नाही म्हणालं तर आधी उठून काच पुसा. एवढं तरी करा.

मला आता दर आठवड्याला पुसतात. आई अजून रोज सकाळी त्या कुलपाकडे बघून टॉवेल हलवते.