ही प्रत अद्ययावत आहे

मी एका खेळाची प्रत बोलतेय. मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलाय, आणि तो कोणावर हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत झाला. दोन मैत्रिणींनी मला घडवलं. एक प्रोग्राम लिहायची, दुसरी चित्रं काढायची. खालून इस्त्रीची वाफ यायची, खिडकीच्या काचा सारख्या धूसर व्हायच्या. म्हणूनच की काय, चित्रं काढणारीने माझ्यात इतका स्वच्छ समुद्र काढला. त्या समुद्रात दोन बेटं आहेत. दोन माणसांनी आपापल्या घरी बसून, एकाच वेळी, त्यांवर घरं उभारायची, बागा लावायच्या, होडीतून एकमेकांकडे जायचं. मारामारी नाही, शत्रू नाही. शत्रू खेळाबाहेर आहेत हे त्या दोघींना तेव्हा कुठे माहीत होतं!

शत्रू म्हणजे दुकानं. रस्त्यावरची नव्हेत, संगणकातली, जिथून लोक खेळ विकत घेतात आणि उतरवून घेतात. मैत्रिणींनी मला दोन दुकानांत ठेवलं. एकात माझी जुळी बहीण, दुसऱ्यात मी. तीच बेटं, तोच समुद्र, होडीला तोच हिरवा पट्टा. पण बहिणीच्या दुकानात प्रोग्राम लिहिणारी एक बटण दाबायची आणि चहा गाळून होईपर्यंत नवी सुधारणा सगळ्यांच्या घरी पोचलेली असायची. शिवाय तिथे चाचणीचा कप्पा होता. पक्कं न झालेलं काम आधी बघायचंय? त्या कप्प्यावर टिचकी मारा, झालं.

माझ्या दुकानात प्रत्येक सुधारणा आधी तपासणीला जाते. तिथे ती पडून राहते. एकदा परत आली ती कशासाठी, तर दुकानाच्या पाटीवर लावायचं चित्र जरासं बुटकं होतं म्हणून. चाचणीचा कप्पा तर नाहीच. हवा असेल तर तो वेगळा खेळ म्हणून नोंदवा, वेगळी परवानगी काढा, आणि बोलावलेल्या मोजक्या लोकांनाच द्या. दोघींनी एकदा खटपट केली आणि हात टेकले.

"तिथले लोक थांबतील थोडं," चित्रं काढणारी म्हणाली.

तिथले लोक म्हणजे माझे लोक. त्यांना कोणी विचारलं नाही.

मला ज्याने घेतलं तो माणसांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, हे त्याचं काम. ती सवय घरीही जात नाही. माझी होडी धक्क्याला लागायला आली की टेबलाखाली त्याचा पाय फरशी दाबतो. त्याने माझं दुकान निवडलं नव्हतं. ते त्याच्या नव्या संगणकात आधीपासूनच बसलेलं होतं. त्याची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात काम करते. घरात तिला ठमी म्हणतात, आणि ती त्याला दादा. तिने माझ्या जुळीला घेतलं. कोणी कुठून घेतलं हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. कोण विचारतं?

तसंही ते दोघं एकमेकांना काहीच विचारत नव्हते. बाबा एकटे राहायचे. दादाने त्यांना आपल्याकडे आणलं ते ठमीला न सांगता. तेव्हापासून फोन बंद. उरलं होतं ते बेट. बाबा दादाच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि तो टाइप करायचा:

"बाबा विचारतायत, जेवलीस का?"

"बाबांना सांग, जेवले. त्यांनी गोळी घेतली का?"

"घेतली म्हणतायत."

"नुसतं म्हणतायत, की खरंच घेतली?"

दोघांपैकी कोणीच एकही वाक्य स्वतःच्या नावावर बोलत नसे. पण बोलत होती ना. तो आपल्या बेटावर धक्का बांधायचा, ती समोरच्या बेटावर दीपस्तंभ. संध्याकाळचा तेवढा वेळ ते घर एक होतं, आणि ते माझ्या जिवावर. बाबांची एकच तक्रार असायची. "ही होडी आहे का काय आहे? एवढ्या वेळात माणूस कपडे वाळत घालून येईल."

ही तक्रार ठमीने लक्षात ठेवली. माझ्या जुळीच्या चाचणीच्या कप्प्यात दोन बेटं जोडणारा पूल आला, तेव्हा तिने एका सुट्टीच्या दिवशी त्या कप्प्यावर टिचकी मारली. त्यांचं ते सगळं जग तिच्या संगणकावर साठवलेलं असायचं. पडद्यावर इशारा आला की हे जग नव्या आवृत्तीत गेलं की जुन्यात पुन्हा उघडणार नाही. तिने 'चालेल' दाबलं. दादालाही हेच बटण असणार, असं तिने धरून चाललं. का धरू नये? खेळ एकच होता.

संध्याकाळी दादाने मला उघडलं. मी नेहमीप्रमाणे तिच्या बेटाचं दार ठोठावलं. दाराने सांगितलं, आवृत्ती जुळत नाही, आत घेता येणार नाही. दादाने नवी सुधारणा आली आहे का ते तपासलं. आणि माझ्या दुकानाने माझ्या तोंडी ते वाक्य घातलं:

ही प्रत अद्ययावत आहे.

याला खोटं म्हणता येत नाही, हाच माझा संताप आहे. या दुकानात जेवढं आहे तेवढं सगळं तुमच्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडच्या दुकानात काय चाललंय, ते सांगायची पद्धत नाही. दुकानदाराला लाज नाही, आणि मला जीभ नाही. दादाने मात्र साधा हिशेब केला. माझं ठीक आहे, म्हणजे दार तिनेच लावलं.

त्याने फोन लावला. इतक्या महिन्यांनी, आणि कशासाठी!

"मला बाहेर का काढलंस?"

"कोणी काढलं? मी कधीची वाट बघतेय."

"माझं अपडेटेड आहे. समोर लिहिलंय."

"माझंही आहे. माझ्याही समोर लिहिलंय."

"म्हणजे मी खोटं बोलतोय."

"मला काय माहीत. तू कुठे काही सांगतोस. बाबांना नेलंस ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं, दादा. काकूंकडून."

"न्यायच्या वेळी होतीस कुठे? पलंग कोणी सोडवला? औषधं कोणी बांधली?"

"सांगितलं असतंस तर आले असते."

"तुझं आपलं नेहमीचं. एक जागा उरली होती, तिथेही कडी लावलीस."

"ठेव फोन."

त्याने ठेवला. बाबा मागून म्हणाले, "आज जायचं नाही का तिकडे?"

"नाही."

"उद्या?"

टेबलाखाली दादाचा पाय फरशीवर दाबलेला होता, आणि समोर तर होडीही नव्हती.

पुढे कित्येक संध्याकाळी तो मला एकट्यानेच उघडायचा. नवं रिकामं बेट घ्यायचा, दोन दगड रचायचा. बाबा थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "इथे कोणीच नाही रे." मग खुर्ची उचलून आत जायचे. आणि रोज, न चुकता, मी त्या माणसाला सांगत होते की मी अद्ययावत आहे.

ठमीने शेवटी माझ्या निर्मात्या मैत्रिणींना चिडून लिहिलं. तुमच्या खेळाने माझ्या भावाला हाकलून दिलंय, असंच लिहिलं. प्रोग्राम लिहिणारीचं उत्तर आलं: तुमच्या भावाने खेळ कोणत्या दुकानातून घेतलाय? एवढा साधा प्रश्न. तो माझ्या दुकानाने विचारायला हवा होता, जुळीच्या दुकानाने विचारायला हवा होता, टिचकी मारण्याआधी. ठमी चाचणीतून लगेच बाहेर पडली, पण जुन्या आवृत्तीत ते जग उघडेचना. माझ्याकडे पूल कधी येणार, यावर मैत्रिणींचं उत्तर होतं, 'तपासणीत आहे.'

दादा फोन उचलत नव्हता. तिने बाबांना लावला. बाबांनी फोनचा आवाज मोठा केला आणि संगणकासमोर येऊन बसले.

"बाबा, त्याला विचारा, खेळ कुठल्या दुकानातून घेतलाय."

"ती विचारतेय, कुठल्या दुकानातून."

दादाने पडद्याकडे बघून नाव सांगितलं.

"त्याला सांगा, मी कडी लावली नाही. दुकानं वेगळी आहेत. मी पूल बांधत होते. तुम्हाला होडीचा कंटाळा येतो म्हणून."

"पूल?" बाबा म्हणाले.

दादाने खुर्ची फोनकडे वळवली. मग म्हणाला, "तिला विचारा, कुठून कुठे."

"माझ्या दीपस्तंभापासून त्याच्या धक्क्यापर्यंत," ती म्हणाली. बाबांनी ते पुन्हा सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू आलं होतं.

"धक्का कच्चा आहे," दादा थेट तिलाच म्हणाला. "भार घेणार नाही तो."

"मग ये आणि पक्का कर."

त्याच संध्याकाळी त्याने पलीकडच्या दुकानातून माझ्या जुळीला घेतलं, आणि चाचणीच्या कप्प्यावर दोघांनीही टिचकी मारली. जागा हवी होती म्हणून मला काढायला निघाला. बाबांनी विचारलं, "हिचं काय चुकलं?"

"हिचं नाही, दुकानाचं चुकलं."

"मग हिला का काढतोस?"

त्याने बटण दाबलं. मी त्यांना पुलावरून जाताना पाहिलं नाही. बाबा काय म्हणाले, तेही मला माहीत नाही.

आता मी या दुकानाच्या यादीतलं एक फिकट चित्र आहे. शेजारी 'उतरवा' असं बटण. माझी मागणी साधी आहे. दुकानदारांनो, तपासणी करा, हवी तितकी करा. पण माझ्या तोंडून एवढं तरी खरं वदवा की पलीकडे नवं आलंय, आमच्याकडे अजून नाही. आणि मला घडवणाऱ्या बायांनो, 'तिथले लोक' असं पुन्हा म्हणू नका. तिथे एक म्हातारा खुर्ची घेऊन बसला होता.

काल तपासणी संपली. पूल माझ्यातही आलाय, हिरव्या पट्ट्याच्या होडीच्या बरोबर वर. दुकानाने माझ्या मालकाला तसं कळवलं. त्याने पाहिलं नाही, तो तिकडे धक्का पक्का करतोय.