मी सरकता, तो दगडी

मित्रांनो, स्वतःला जुना म्हणवून घ्यायची माझी मुळीच तयारी नाही. पण आहे ते आहे. मी नगरच्या एका मॉलमधला जुना सरकता जिना आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्यावर चढणारी माणसं अजूनही 'नगरला आलो' असंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी जळतो. माझ्या शेजारी एक दगडी जिना आहे, त्याच्यावर जळतो. का ते आधी ऐका, मग खुशाल नावं ठेवा.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथं माझी एकेक पायरी घासूनपुसून साखळीत ओवली, दोन्ही बाजूंना काळे रबरी कठडे बसवले आणि मला ट्रेलरवर आडवं झोपवून पुणे रस्त्याने इकडे आणलं. सुप्याला ड्रायव्हर चहाला थांबला तर मला बघायला ही गर्दी! एक आजोबा सगळ्यांना समजावून सांगत होते की ही उसाच्या मोळ्या टाकायची गव्हाण आहे, कुठल्यातरी साखर कारखान्यात चाललीय. मला इतका राग आला ना! मी काय ऊस वाहायला जन्मलो होतो? मी माणसं वाहणार होतो, आणि तीसुद्धा अत्तर लावलेली.

मॉलमध्ये पोचलो तर शेजारी हा आधीच उभा. रुंद, काळपट, मध्ये वळणावर एक ऐसपैस टप्पा. आग लागली तर माणसांना पळता यावं म्हणून साधा जिना असावाच लागतो म्हणे. म्हणजे बघा, मला हौसेने आणलं होतं आणि त्याला भीतीपोटी बांधलं होतं. हा फरक मी त्याला कधी विसरू दिला नाही.

काय दिवस होते ते! खाली परदेशी अत्तरांचं दुकान, घड्याळांचं दुकान, वर एकापेक्षा एक भारी कपड्यांची दुकानं. सावेडीच्या बंगल्यांतल्या बायका गाडीतून उतरायच्या, टकटक करत यायच्या आणि माझ्याकडे न बघताच माझ्यावर उभ्या राहायच्या. मला ते फार आवडायचं. ज्याची सवय झाली त्याच्याकडे कोण बघतं? बघायचे ते खेड्यांतून आलेले पाहुणे. सोनई, पाथर्डी, नेवासा, कुठून कुठून दिवाळीत टेम्पो भरून यायचे. घ्यायचं काही नसायचं, फक्त मला बघायचं असायचं. बायका नऊवारीचा काठ मुठीत धरून एक पाय माझ्यावर ठेवायच्या, दुसरा जमिनीवरच राहायचा, आणि मग जी काही धमाल व्हायची! वर पोचल्यावर जग जिंकल्यासारखा चेहरा करायच्या आणि परत एकदा चढायला खाली यायच्या. शेजारचा दगडी जिना तेव्हा रिकामा पडलेला असायचा. झाडणाऱ्या मावशींशिवाय त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही.

मग माणसं बदलली. कधी बदलली ते मला नीट सांगता येणार नाही. गर्दी तशी असायची, पण हात रिकामे असायचे. एक मुलगी वर जाऊन कुर्ता घालून बघायची, त्याला लटकवलेल्या किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढायची, खाली येऊन तोच कुर्ता मोबाईलवर स्वस्तात मागवायची. त्या चपट्या डबीवरही मी जळतो, पण ती निदान हातात तरी असते, दिमाखात असते. खरी आग लागली ती वेगळ्याच गोष्टीने. ती मुलगी हे सगळं करायची कुठे बसून? दगडी जिन्यावर! क्लास सुटलेली पोरं वडापाव घेऊन कुठे बसायची? दगडी जिन्यावर. डॉक्टरांनी चालायला सांगितलेले आजोबा, उन्हाळ्यात एसीसाठी आलेल्या आज्या, भांडण झालेली नवरा-बायको, सगळे त्याच्याच मांडीवर. माझ्यावर बसता येत नाही ना. मी थांबत नाही, हीच तर माझी शान होती. आणि आता तीच माझी चूक ठरत होती.

हळूहळू वरची दुकानं एकेक करून गेली. अत्तरवाले गेले, घड्याळवाले गेले. वीज वाचवायची म्हणून मॅनेजरसाहेब मला फक्त सुट्टीच्या दिवशी चालू करू लागले. वरच्या मजल्यावर एकच दुकान उरलं, एंजेला मॅडमचं. लग्नाचे कपडे विकायच्या त्या. ख्रिस्ती नवरीचे पांढरे गाऊन, पांढऱ्या जरीच्या साड्या आणि इतरांसाठी शालू, पैठण्या, शेरवान्या, सगळं. रोज सकाळी माझ्या कठड्यावरची धूळ त्या स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. माझ्यावर जीव होता त्यांचा, निदान मला तरी तसं वाटायचं.

एक दिवस मॅनेजरसाहेबांनी त्यांना साफ सांगितलं की या लग्नसराईत धंदा दिसला नाही तर वरचा मजला बंद, आणि मजला बंद म्हणजे हा जिनाही बंद. मी तिथंच उभा होतो, सगळं ऐकत होतो. एंजेला मॅडम म्हणाल्या, सोनईचा एक मोठा बस्ता येतोय, तो होऊ द्या. संस्कृती नावाच्या नवरी मुलीने त्यांचं दुकान मोबाईलवर पाहिलं होतं आणि घरात हट्ट धरला होता की बस्ता कापडबाजारात नाही, मॉलमध्येच करायचा.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, तुम्हाला माहीत असेलच. दोन्हीकडची माणसं एकत्र येतात, आधी देवाची साडी निघते, मग नवरीची, मग मानपानाची. तो बस्ता वर झाला तर एंजेला मॅडमचं दुकान टिकणार होतं आणि माझा श्वासही. माझा सगळा जीव त्या टेम्पोत अडकला होता.

टेम्पो आला. संस्कृती सगळ्यांत पुढे, फुलून आलेली. मागे तिची आजी बनुबाई, आजीच्याच वयाच्या चारपाच जणी, आणि नवऱ्या मुलाचे वडील आबासाहेब, संगमनेरहून आपली माणसं घेऊन आलेले. आबासाहेबांनी आत पाऊल टाकताच आजूबाजूला बघितलं आणि विचारलं की गादी कुठाय, चहा कुठाय, आता बस्ता काय उभ्याउभ्या करायचा? संस्कृती हळूच म्हणाली, "मामंजी, वर आहे हो सगळं. जिना आपोआप वर नेतो."

आणि मॅनेजरसाहेबांनी मला चालू केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जितका गुळगुळीत चाललो तितका उद्घाटनालाही चाललो नव्हतो. कुरकुर नाही, हिसका नाही. मनात म्हटलं, ये आजी, ये. तुझ्यासारख्या कितीतरी वर नेल्यात मी.

बनुबाई माझ्यापाशी आल्या. थांबल्या. आणि त्यांनी काय केलं असेल? आयुष्यभर कापडाच्या दुकानात शिरताना त्या जे करत आल्या, तेच केलं. पायातल्या नव्या स्पंजाच्या चपला काढल्या आणि शिस्तीत जोडीने पहिल्या पायरीवर ठेवल्या. त्यांना वाटलं, इथून गादी सुरू होते. त्यांनी काढल्या म्हणून मागच्या चारपाच जणींनीही काढल्या. पायरी मागून पायरी येत गेली, जोडामागून जोड ठेवला गेला. आणि बघता बघता माझ्यावरून चपलांची वरात वर निघाली. माणूस एकही नाही.

"आगं बाई, माझ्या चपला चालल्या की," बनुबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या मावशी," आबासाहेब म्हणाले, "त्येंनाच करू द्या बस्ता."

सगळे हसले. मी नाही हसलो. माझ्या वरच्या टोकाला पिवळे दात आहेत, तिथून पायऱ्या आत जातात. स्पंजाची चप्पल तिथं पोचली, मऊसूत, आणि दातात जाऊन बसली. करकर झाली. मी थांबलो. असा थांबलो की मॅनेजरसाहेबांनी कितीही बटणं दाबली तरी हललो नाही. मला हलायचं होतं हो, पण चप्पल सोडेना.

एंजेला मॅडम वरून धावत आल्या. म्हणाल्या, साधा जिना आहे, त्याने या. बनुबाईंचे गुडघे अर्ध्यातच बोलले. वळणाच्या टप्प्यावर त्या मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाई चढवायचं. हितं गार लागतंय, हितंच काय दावायचं ते दावा. न्हाईतर चला कापडबाजारात."

एंजेला मॅडम क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या म्हणतील, थांबा, जिना दुरुस्त होऊ दे. पण त्या वर गेल्या आणि पांढरी चादर घेऊन आल्या. ती त्या टप्प्यावर अंथरली. म्हणाल्या, "आजी, आमच्यात नवरीची पांढरी साडी आधी निघते, तुमच्यात देवाची. बसायला दोन्हीकडं लागतंच. बसा."

आणि बस्ता सुरू झाला. माझ्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर! साड्यांचे गठ्ठे खाली आले. हिरवा शालू उलगडला तो तीन पायऱ्या उतरून आला. चहा आला. आबासाहेबांना सगळ्यांत वरच्या पायरीवर मानाची जागा मिळाली, मग त्यांची कुरकुर संपली. संस्कृतीने पैठणी खांद्यावर टाकली तेव्हा सगळ्या बायका पदर बघायला पुढे सरकल्या. पहिल्या साडीला हळदकुंकू लावून झालं आणि बनुबाईंनी बोटाला उरलेलं कुंकू शेजारच्या पायरीला पुसलं. पुसलं बरं का, लावलं नाही. पण तो दगडोबा आजही समजतो की आपली पूजा झाली.

मी दातात चप्पल धरून उभा होतो. वरात बघायला आलेल्या परक्यासारखा.

बस्ता झकास झाला. त्यांनी आपल्या पाहुण्यांना सांगितलं, पाहुण्यांनी त्यांच्या पाहुण्यांना. राहुरीहून एक बस्ता आला, शेवगावहून आला, आणि सगळ्यांनी येऊन विचारलं की ती पायऱ्यांवरची बैठक कुठाय. एंजेला मॅडमनी खालचं, दगडी जिन्याच्या पायथ्याचं रिकामं अत्तराचं दुकान घेतलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं की मग सरकत्या जिन्याचं काय करू. माझ्या दातातली चप्पल केव्हाच काढली होती, मी चालायला अगदी तयार होतो.

"राहू द्या बंदच," एंजेला मॅडम म्हणाल्या. "माझी माणसं आता खालीच बसतात."

त्या चांगल्या आहेत. त्यांचं दुकान वाचलं. मला आनंद व्हायला हवा, आणि कुठेतरी झालाही असेल. पण वरच्या मजल्याचे दिवे गेले आणि माझ्या तोंडाशी एक लाल दोरी बांधली गेली. त्यावर पाटी, 'प्रवेश बंद'. शेजारी बस्ते होतात, पोरं अभ्यास करतात, कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून रडतं, आणि मी इथं स्वच्छ, चकचकीत, रिकामा.

तर मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. वीज महाग आहे, मला समजतं. पण तुमच्या आसपास असं काही उभं असेल, जे पूर्वी पळायचं आणि आता थांबलंय, तर त्याला दोरी बांधून मोकळे होऊ नका. त्याला नवं काम विचारा. मी थांबलो म्हणजे संपलो नाही. मी थांबलो म्हणजे साधा जिना झालो, त्याच्यासारखाच. पायऱ्या मलाही आहेत. थोड्या अरुंद आहेत, दोघं दाटीवाटीने बसतील, पण दाटीवाटीने बसण्यातच गंमत असते की नाही?

पुढच्या वेळी आलात की ती दोरी सोडा. वडापाव घेऊन या, पुस्तकं घेऊन या, आजीला घेऊन या. चपलासुद्धा काढा हवं तर, आता कुठे जाणार नाहीत त्या. फक्त एक करा. त्या दगडोबाकडे नंतर जा. आधी माझ्यावर बसा.