वरवंट्याचे उपकार

मी वरळीच्या खडकांतला एक म्हातारा पट्टेरी मासा आहे. लांबीला तुमच्या तळहाताएवढा, अंगावर काळे पट्टे आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, भांडखोर.

मित्रांनो, अंड्यातून बाहेर पडलो तेव्हा मी काचेसारखा आरपार दिसायचो. काही आठवडे लाट नेईल तिकडे गेलो. बरोबरची बहुतेक भावंडं कुणाच्या ना कुणाच्या पोटात गेली. मी तेवढा वाचलो आणि ओहोटीतही पाणी राहणाऱ्या एका डबक्यात येऊन राहिलो. तिथे भोक पाडलेला एक धोंडा पडला होता. खालून गुळगुळीत, कायम सावलीत. मला तो फार आवडला.

आमच्यात पोरं बाप सांभाळतो. मादी दगडाला अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग मी निळाकाळा पडतो, परांनी अंड्यांना वारा घालावा तसं पाणी घालतो, नासलेलं अंडं काढून टाकतो आणि जवळ येईल त्याला चावतो. त्या दिवसांत माझं खाण्यात लक्ष नसतं.

१८९४ सालचा श्रावण होता. धोंड्याखाली माझी हजारो अंडी होती, आणि कोळीवाड्यातल्या होड्या दुसऱ्या दिवशी, नारळी पौर्णिमेला, समुद्रात निघायच्या होत्या. ओहोटीला रामचंद्र कोळी आणि त्याची आई काशीबाई कालवं काढायला आली. रामचंद्राने डबक्यात डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आये, यो आपलाच धोंडा. गेल्या साली जाल्यातून सुटला तो."

त्याने धोंडा धरला. मी त्याच्या बोटाला कडकडून चावलो. तो हसला आणि धोंडा अर्धा पाण्याबाहेर काढला. ऊन अंड्यांवर पडलं. आता सगळं संपलं असं मला वाटलं, तरी मी चावतच राहिलो.

काशीबाईने खाली वाकून पाहिलं. "ठेव तो खाली. पोरं हायेत त्याची."

"आन् उद्या जालं बुडवायला काय बांधू?"

"घरचा वरवंटा बांध."

"मग तू मसाला कशानं वाटशील?"

"रखमाचा मागून आणीन शेजारून. तुला देवी आल्या तवा तुझा बापूस असाच उपाशी बसलेला उशाशी. ठेव खाली."

रामचंद्राने धोंडा होता तसा, होता त्याच बाजूने, हलकेच ठेवला. सणाच्या दिवशी एका कोळणीने आपला वरवंटा समुद्रात धाडला, तोही माझ्यासारख्या भांडकुदळासाठी. ते आठवून मला आजही भरून येतं.

चौथ्या दिवशी सूर्य मावळल्यावर अंडी फुटली. पोरं भरतीबरोबर निघून गेली आणि मी पोटभर खाल्लं.

अमावास्येच्या ओहोटीला रामचंद्र पुन्हा आला. त्याने धोंड्याखालून हात फिरवला. काही नाही असं पाहून तो उचलला आणि त्या जागी दुसरा सपाट दगड ठेवला. मी त्याच्या बोटाकडे धावलो होतो, पण तोंड उघडून तसाच थांबलो.

मित्रांनो, डबक्यातला दगड उचलण्याआधी खाली वाकून एकदा बघा. कुणी चावलं तर रागावू नका. आणि दगडावाचून अगदीच अडलं, तर घरी वरवंटा असेलच.