आमच्या बाबांचा फिनिक्स

या शहरातला कुठलाही फिनिक्स मी पाठमोरा ओळखतो. अंधारात दाखवा, धुक्यात दाखवा, नुसतं शेपूट दाखवा. माझ्याइतकी नजर या गावात दुसऱ्या कोणाची नाही, आणि हे मी स्वतःच सांगतोय कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमचं शहर फार पूर्वी एकदा जळून खाक झालं आणि पुन्हा उभं राहिलं. ज्यांनी ते उभं केलं त्यांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की राखेतून उठणारा हा पक्षी त्यांनी जागा मिळेल तिथे चिकटवला. कोर्टाच्या घुमटावर, नाट्यगृहाच्या पडद्यावर, पोहण्याच्या तलावाच्या तळाला, अगदी गटाराच्या झाकणांवरसुद्धा. लोक रोज त्याला तुडवून जातात आणि विचारलंत तर म्हणतात, "गरुड असेल." गरुड! गरुडाच्या पायाखाली कधी जाळ पाहिलाय? मान वर, पंख उघडे, पायाखाली ज्वाळा. खुणा एवढ्याच. पण वर बघायला वेळ कोणाला आहे?

म्हणून मी दर रविवारी लोकांना फिनिक्स दाखवत फिरायचं ठरवलं. पहिल्याच रविवारी बरी गर्दी जमली. बँकेसमोर आलो, छत्री उघडली, कारण ऊन फार होतं, आणि कमानीकडे बोट केलं.

"हा बघा! मान वर. पंख जरासे उघडे. ज्वाळा झिजल्यात, पण कारागिरी बघा. आत्ता उडेल असं वाटतं की नाही?"

तो उडाला. घार होती. जाता जाता माझ्या छत्रीवर प्रसाद टाकून गेली.

"उठला बाई राखेतून," मागून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. लोक हसले. निम्मे तिथूनच घरी गेले.

असो. चूक माणसाची होते, तशी घारीचीही होते. मला राग आला तो याचा नाही. राग आला तो पुढच्या प्रकरणाचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

अग्निशमन केंद्राच्या दारावर जो फिनिक्स आहे, तो आमच्या बाबांनी केलाय. बाबा गिलाव्यात नक्षीकाम करायचे. आज त्यांच्या हातचं या शहरात जे काही उरलंय, ते पाडकामवाल्यांच्या कृपेने एवढं एकच. मी कवळ्या करतो. म्हणजे प्लास्टर आमच्या घरात दोन पिढ्या आहे. त्यांनी पक्षी केले, मी दात. रोज दुकानात जाताना मी केंद्रासमोर थांबतो, वर बघतो, आणि पुढे जातो. बायको म्हणते, सासऱ्यांशी तुम्ही जिवंतपणी एवढं बोलला नाहीत. खरंय. म्हणूनच थांबतो.

तर एका सकाळी थांबलो आणि बघतो तो काय, दाराला पाटी लटकवलेली: 'सदर शिल्प कुक्कुटवर्गीय भासत असल्याने काढून टाकण्यात येत आहे. सुशोभीकरण विभाग.'

कुक्कुटवर्गीय! म्हणजे कोंबडी! माझ्या बापाच्या फिनिक्सला कोंबडी म्हणायचं, आणि तेही सरळ शब्दात म्हणायची हिंमत नाही!

तसाच तरातरा सुशोभीकरण विभागात गेलो. या विभागाचं छत गळतं. गळणाऱ्या पाण्याखाली बादली, बादलीशेजारी प्लास्टिकची फुलं, आणि फुलांमागे विभागाचे सल्लागार. हे गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. डोळ्यांवर का ठेवत नाहीत कोण जाणे. कदाचित दिसेल म्हणून.

"तुम्ही त्याला कोंबडी म्हणालात?" मी विचारलं.

"आम्ही भासते म्हटलंय."

"कोणाला भासते?"

"समितीला. शरीर गोल आहे. मान आखूड आहे. एकंदरीत भाव... घरगुती आहे."

"घरगुती?"

"फिनिक्स कसा असावा, झेपावणारा! हे बघा." त्यांनी नव्या फिनिक्सचं चित्र दाखवलं. वाकलेला स्टीलचा हँगर. कपडे अडकवायला उत्तम.

"याला चोच कुठे आहे?"

"सूचित केलीय."

"आणि पंख?"

"बघणाऱ्याने आणायचे."

माझ्या तोंडात जे आलं ते मी इथे सांगत नाही. तेवढ्यात आतून समितीच्या अध्यक्षबाई आल्या. बाई तशा सज्जन, पण प्रत्येक वाक्याला फीत कापायला निघाल्यासारख्या बोलतात.

"भावना समजतात हो तुमच्या," त्या म्हणाल्या, "पण आम्हाला पुरावा हवा. तो फिनिक्सच आहे असं सांगणारं कोणी आहे का? करताना बघितलेलं?"

"आहे," मी टेबलावर हात आपटून म्हणालो. बादलीतलं पाणी हललं. "माझी आत्या!"

"मग बुधवारी पाहणीला घेऊन या. पक्षी फिनिक्स ठरला तर राहील. कोंबडी ठरली तर उतरेल."

आमची आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, दात मी केलेले. त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही, मुद्दा अंगावर यायला लागला की ती कवळी काढून हातात देते आणि म्हणते, "इथे टोचतंय बघ."

मंगळवारी तिला दुकानात बसवून मी पढवलं. "आत्या, तू एकच वाक्य बोलायचं. माझ्या भावाने फिनिक्स केला. बास."

"आणि कसा केला ते?"

"ते नको."

"का? मी होते ना तिथे."

"आत्या, एकच वाक्य."

"तुझ्या बापाने मला कधी गप्प बसवलं नाही, तू कोण रे टिकोजीराव? आणि इथे टोचतंय बघ."

बुधवारी केंद्रासमोर सगळे जमले. अध्यक्षबाई, सल्लागार, केंद्राचे साहेब, त्यांचे जवान, माझी बायको आणि रिकामे येणारेजाणारे. मी आत्याला पुढे केलं. आत्याने वर बघितलं, डोळे बारीक केले.

"मला इथून काही दिसत नाही. जवळ न्या."

"आत्या, वाक्य बोल ना नुसतं!"

"न बघता बोलू? खोटी साक्ष देऊ?"

साहेबांना म्हातारीचं भारी कौतुक वाटलं. त्यांनी शिडीचा बंब बाहेर काढायला लावला. या शिडीच्या टोकाला माणसं उभी राहतील असा पिंजरा असतो. त्यात एक जवान, आत्या आणि मी, असे तिघं वर गेलो. पिंजऱ्यात एक माइक असतो. वरच्याचा आवाज खालच्यांना नीट ऐकू यावा म्हणून तो कायम चालू असतो. हे मला नंतर कळलं.

पक्ष्यासमोर पिंजरा थांबला. इतक्या जवळून मीही तो पहिल्यांदाच बघत होतो. चोचीच्या कडेला बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. आत्याने पुढे वाकून पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"अगंबाई," ती म्हणाली, "लंगडी!"

"कोण लंगडी?"

"आमची कोंबडी रे! डाव्या पायाचं बोट नव्हतं तिचं. बघ, नाहीये ना?"

"झिजलं असेल, आत्या."

"झिजलंय कुठलं! मांजराने नेलं होतं. आणि ही मानेवरची विसकटलेली पिसं, हीच ती. कशी हुबेहूब उतरवलीय माझ्या भावाने!"

"आत्या, हळू बोल."

'आत्या, हळू बोल' हे खालच्या कर्ण्यातून अख्ख्या चौकाला ऐकू गेलं.

"हळू का बोलू? तुझ्या बापाला वस्तू समोर असल्याशिवाय हातच चालवता यायचा नाही. द्राक्षं काढायची तर द्राक्षं आणा. त्या पाडलेल्या वाड्यावरचा सिंह काढायचा तर शेजाऱ्यांचा कुत्रा आणा. आता फिनिक्स कुठून आणणार? मग हिला टेबलावर उभी केली. मी दोन्ही हातांनी तिचे पंख ताणून धरायचे. खांदे दुखून यायचे माझे."

"पण मान वर आहे तिची," मी चिवटपणे म्हणालो. "आकाशाकडे बघतेय."

"मी शिंकले होते. दचकली बिचारी. भाऊ म्हणाला, हे बरं दिसतंय, पुन्हा शिंक. दिवसभर नाकात काडी घालून बसले होते मी."

"आणि या ज्वाळा?" माझा आवाज पार पिचला होता.

"कसल्या ज्वाळा? कोबी आहे तो. हिला गप्प ठेवायला पुढ्यात टाकायचे. शिरा दिसतायत बघ पानांच्या."

दिसत होत्या. बारीक बारीक, एकेक. माझा बाप पक्का होता.

पिंजरा खाली आला तेव्हा चौक खदाखदा हसत होता. सल्लागारांनी चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर घेतला, बहुधा माझं तोंड नीट बघता यावं म्हणून.

"कोंबडी," ते म्हणाले. "आणि कोबी. आम्ही तर नुसतं भासते म्हटलं होतं."

तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

"हो, कोंबडी!" मी ओरडलो. "मग? तुम्ही फिनिक्स बघितलाय? कुठे? कधी? या समितीत कोणाच्या घरी फिनिक्स आहे? कोर्टाच्या घुमटावरचा काय फिनिक्सला समोर बसवून केलाय? तेही कोणाचं तरी बदक असेल! तलावातली कोणाची तरी घार असेल! जो पक्षी जगात नाही, तो माणूस करणार कशावरून? घरात जे असेल त्यावरूनच ना! माझ्या बापाकडे एक लंगडी कोंबडी होती, एक शिंकणारी बहीण होती, त्याने त्यातून फिनिक्स उभा केला. तुमच्याकडे एवढा मोठा विभाग आहे आणि तुम्ही काय केलंत? हँगर!"

मी अजून पिंजऱ्यातच होतो आणि माइक चालूच होता. कर्ण्यातून 'हँगर' दोनदा घुमला.

हसणं थांबलं. केंद्राचे साहेब टोपी काढून पुढे आले.

"बाई, खरं सांगू का? आम्ही तिला कोंबडीच म्हणतो. माझ्या आधीचे साहेबही म्हणायचे. पण आगीवर निघताना प्रत्येक पोरगा एकदा वर बघून निघतो. हँगरकडे कोण बघणार?"

जवानांनी टाळ्या वाजवल्या. चौकानेही वाजवल्या. अध्यक्षबाईंना टाळ्यांची दिशा चटकन कळते.

"पक्षी राहील!" त्या म्हणाल्या. "समारंभ करू! फक्त सल्लागारांचं एक म्हणणं विचारात घ्यायला हवं. तो कोबी..."

"कोबी पटत नाही," सल्लागार म्हणाले. "ज्वाळांचा आभास हवा."

मी जिंकलो होतो. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, ही अक्कल मला आयुष्यात एकदाच उपयोगी पडली असती आणि नेमकी तेव्हाच ती घरी राहिली होती.

"आभास कशाला?" मी छाती काढून म्हणालो. "खऱ्या लावा की! पायाखाली गॅसची नळी सोडा. बघू दे गावाला फिनिक्स म्हणजे काय ते!"

"वा!" बाई म्हणाल्या.

"अहो," बायको माझी बाही ओढत म्हणाली.

"तू थांब गं," मी म्हणालो.

समारंभाच्या दिवशी बंबांच्या दारासमोर, दार पूर्ण अडेल असं, लाकडी व्यासपीठ घातलं होतं. साहेबांनी दोनदा सांगून पाहिलं की बंब बाहेर काढता येणार नाहीत. सल्लागार म्हणाले, फोटोत बंब नकोच आहेत. पक्ष्यावरून मोठं थोरलं कापड सोडलं होतं, ते बाईंनी दोरी ओढून बाजूला करायचं आणि त्याच क्षणी खालून ज्वाळा पेटायच्या. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्यासाठी खास नवी कवळी केली होती, आणि ती टोचत नाही असं ती स्वतः म्हणाली होती.

ज्वाळा पेटल्या. कापड मात्र लंगडीच्या चोचीला अडकलं आणि तिथेच राहिलं.

कापडाने पेट घेतला, कापडावरून कमानीच्या सजावटीने, सजावटीवरून व्यासपीठाने. लोक पळाले. सल्लागार सगळ्यांच्या पुढे होते. आत्याला मी खुर्चीसकट लांब ओढून नेलं. बंब आत, जवान आत, दारासमोर जळतं व्यासपीठ. साहेबांनी मागच्या खिडकीतून उडी मारून शेजारच्या शहराला फोन केला.

शेजारच्या शहराचा बंब लांब शिडी घेऊन आला. त्यांनी आग विझवली. दार जळलं होतं, कमान काळी पडली होती, अध्यक्षबाईंचं भाषण गेलं होतं. धूर निवळला तसे सगळे वर बघायला लागले. पक्षी जागच्या जागी होता. मान वर, पंख उघडे, पायाखालचा कोबी काळाकुट्ट, पण पानाची एक शीर हलली नव्हती.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला.

आत्या उठून उभी राहिली आणि तिने टाळी वाजवली. मग जवानांनी वाजवली. शेजारच्या शहराच्या चालकानेही खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला, आणि परत जायला म्हणून बंब मागे घेतला. शिडी खाली घ्यायची राहिली होती. ती कमानीला लागली आणि पक्षी खाली पडला.