आजीचं डोकं, नातवाच्या फासळ्या

मी एक जुनी तांब्याची परात आहे. मित्रांनो, जुनी भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की रडतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मी रडणार नाही. मला राग आला आहे, आणि तो कोणावर आला आहे हेही मी सांगणार आहे.

दमास्कसच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. तो ठोकताना सतत कोणाला तरी शिव्या देत असे, म्हणूनच की काय माझा स्वभाव असा तिखट झाला. करक गावात मी आले ती अबू नायेलच्या आजीच्या रुखवतात. त्या काळी लग्नाचं जेवण सांगून करून घ्यायची पद्धत नव्हती. कोणाकडे कार्य निघालं की गल्लीतल्या बायका मला उचलून नेत, मिळून रांधत, आणि परत करताना माझ्यात मूठभर बदाम तरी घालून पाठवत. "अशी परात साऱ्या करकात नाही," असं सगळे म्हणत. ते ऐकून मी फुगत असे.

मग आजी गेली आणि मी या नातवाच्या हाती लागले. अबू नायेलने जेवणाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. गाडी घेतली, हलक्या ॲल्युमिनियमच्या पराती घेतल्या, आणि मला दुकानाच्या भिंतीवर टांगलं. मोठ्या पाहुण्यासमोर ठेवायला तेवढी मी खाली उतरायची. माणूस गोड बोलणारा, पण त्याच्या बोलण्याला बूड नव्हतं.

एके दिवशी त्याच्या दुकानात उम्म रकान आली. रकानची आई, विधवा, शाळेचे गणवेश शिवून घर चालवणारी. मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी मोठ्या घरची, आणि तिचा चुलता हाज मित्अब या लग्नावर पहिल्यापासून नाराज. "शिंपिणीच्या घरी आमची पोर? बघू तरी, आमच्यापुढे काय वाढतात," असं तो गावभर बोलत हिंडत होता.

"मेंढा कापायची माझी ऐपत नाही," उम्म रकानने आल्या आल्या सांगितलं. "बाहेरदेशचं गोठवलेलं मांस घाल. भात भरपूर हवा, रस्सा पातळ नको."

"आणि डोकं?" अबू नायेलने विचारलं. "परातीच्या मध्यावर डोकं नसेल तर पाहुण्याला कळणार कसं, की त्याच्यासाठी मेंढा कापलाय?"

"कापलाच नाहीये तर कळायचंय काय? डोकं नको."

"अहो उम्म रकान, बिनडोक्याची परात माझ्या नावाने बाहेर पडली तर उद्या लोक मलाच बिनडोक म्हणतील!"

"ते आत्ताही म्हणतात. डोकं नको म्हणजे नको."

मला ती बाई तिथेच आवडली.

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवाच्या मागे माझी तयारी झाली. आधी पातळ पोळ्या अंथरल्या, वर भात, मांस, आंबट दह्याचा रस्सा, भाजलेले बदाम. मी खूश होते. एवढ्यात अबू नायेलने पिशवीतून एक उकडलेलं डोकं काढलं आणि माझ्या मध्यावर रोवलं. कसायाकडून स्वस्तात उचललेलं. तोंड समोर, अगदी मानाच्या पाहुण्याकडे. उम्म रकान तेव्हा बायकांच्या खोलीत होती. मी किती जळफळले! पण परातीचं कोण ऐकतो?

मला हाज मित्अबसमोर ठेवलं. नवरी अजून माहेरीच होती, जेवणं झाली की तिला आणायला निघायचं होतं. हाज न जेवता उठला असता तर ती घराबाहेर पडली नसती, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

हाजचं सारं तारुण्य मेंढ्यांमागे गेलेलं. त्याने अंगठ्याने डोक्याचा ओठ वर केला, दात पाहिले, मग एक फासळी उचलून उजेडात धरली आणि मोठ्याने हसला.

"वा! दात झिजून खुंट झालेत आणि फासळी माझ्या करंगळीएवढी! डोकं आजीचं, फासळ्या नातवाच्या! रकान, एका परातीत दोन पिढ्या वाढल्यास रे बाबा!"

मांडव हसला. रकान मान खाली घालून उभा राहिला. हाजने उठायच्या तयारीने हात पुसायला कापड मागितलं.

"मी नाही हो," अबू नायेल लगबगीने म्हणाला. "त्याच्या आईनेच सांगितलं होतं, कसंही करून डोकं दिसू दे म्हणून."

मित्रांनो, माझा सारा भात तेव्हा त्याच्या थोबाडावर उडाला असता तर मी धन्य झाले असते.

बायकांच्या खोलीचा पडदा सरला. पुरुषांच्या मांडवात उम्म रकान सरळ चालत आली. तिने दोन्ही हातांनी डोकं उचललं आणि अबू नायेलच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर दाबलं.

"हे तुझं. घरी ने." मग ती हाजकडे वळली. "उरलं ते माझं आहे, हाजसाहेब. गोठवलेलं आहे, परकं आहे, पण माझ्या शिलाईचं आहे. याहून जास्त माझ्याकडे आज नाही आणि उद्याही नसेल. तुमच्या पोरीला हेच खावं लागणार आहे. जेवायचं तर जेवा, नाहीतर उठा. पण माझ्या लेकाला हसू नका."

हाज मित्अबने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"जीभ फार चालते बाई तुझी," तो म्हणाला. "आमची पोर ऐकून घेणारी नाही, सांगून ठेवतो. रोज भांडाल दोघी."

आणि त्याने बाही वर सारून माझ्यात हात घातला.

चारचौघांत झालेल्या फजितीचा राग अबू नायेलने माझ्यावर काढला. आता मी त्याच्या गाडीखाली पडून असते, इंजिनाचं गळणारं तेल झेलत. मला घासा, पुसा, असं मी कोणाला म्हणणार नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी कार्य निघेल आणि हात आखडता असेल, तेव्हा आपल्या भांड्याची लाज राखा. थोडं असेल तर थोडंच वाढा, पण खरं वाढा. ज्यांना उठायचं त्यांना उठू द्या.

त्या दिवशी एकही उठला नाही.