उशिरा आलेलं उत्तर

पहिलाच घोट घशाखाली उतरला आणि धम्मदीपच्या हातून बाटली सुटली. फरशीवर सांडलं तिथून फेस उठला, तेव्हा मायाला कळलं की ते पाणी नव्हतं.

"आवो, थुका! थुका ते!"

तो थुंकत होता, पण आत गेलं ते गेलंच होतं. मे महिन्याच्या उन्हात जरीपटका वस्तीतले कूलर दुरुस्त करून तो घरी आला होता. घसा कोरडा पडलेला. मोरीजवळ दिसली ती बाटली त्यानं उचलून तोंडाला लावली. न्हाणीघराच्या फरश्या घासायला मायानं सकाळीच फेरीवाल्याकडून सुटं ॲसिड घेतलं होतं, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. घरात पिण्याचं पाणीही तसल्याच बाटल्यांत असायचं.

मायानं झडप घालून मोबाइल उचलला. ती घरी ब्लाउज शिवायची, आणि गळ्याच्या नव्या नमुन्यापासून तापावरच्या काढ्यापर्यंत सगळं मोबाइललाच विचारायची. तिची शाळा लहानपणीच सुटलेली. माणसाला काही विचारलं की माणूस आधी हसतो, मग सांगतो. मोबाइल हसत नसे.

"ॲसिड पेलं तं काय करावं?" ती ओरडूनच बोलली. शब्द पडद्यावर बिनचूक उमटले. खाली एक गोल फिरू लागला.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या शोभाताई धावत आल्या. "काय झालं वं?"

"यायनं ॲसिड पेलं. थांबा, मोबाइलवर पाहून राहिली मी."

गोल फिरतच होता. माया दारात गेली, अंगणात गेली, हात उंच करून उभी राहिली. परत येऊन तिनं पुन्हा विचारलं, तर होतं नव्हतं ते जाऊन पडदा कोरा पांढरा झाला. एरवी ती अशी वाट पाहायची. तेवढ्यात सुईत दोरा ओवून व्हायचा. आता धम्मदीप भिंतीला टेकून गळा धरून बसला होता आणि त्याच्या घशातून येणारा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"काय पाहून राहिली त्याच्यात? माणूस चालला ना तुहा!" शोभाताई कडाडल्या. "मिठाचं पाणी पाज, उलटी होऊ दे. मी ऑटो बलावतो."

मायानं पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल पलंगावर फेकला. गडूत मूठभर मीठ कालवून तिनं त्याच्या ओठाला लावलं.

"प्या. सारं बाहेर निघन."

तिनं सांगितलं म्हणून तो प्यायला. उलटी झाली. उलटीत रक्त होतं. मग तो आडवाच झाला.

ऑटोत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. शोभाताईंनी निघताना उचलून आणलेला मोबाइल तिच्या हातात दिला. "दिराले फोन लाव."

मायानं मोबाइल उघडला. उत्तर आलेलं होतं. ठळक अक्षरांत पहिलीच ओळ होती : उलटी करवू नका. खाली लिहिलं होतं, वर येताना ॲसिड अन्ननलिका पुन्हा जाळतं.

तिनं ती ओळ परत वाचली. ऑटो खड्ड्यातून उसळला, बाजूनं बस भोंगा वाजवत गेली. तिला काहीच ऐकू आलं नाही.

"लागला का फोन?" शोभाताईंनी विचारलं.

तिनं मोबाइल पोटाशी पालथा धरला. 

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उलटी आपोआप झाली की करवली?"

शोभाताई खाली पाहू लागल्या.

"करवली," माया म्हणाली. "मीच करवली."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

धम्मदीप वाचला. पण अन्ननलिका आवळून गेली. पातळ तेवढंच खाली उतरायचं, तेही चमच्या-चमच्यानं. घरी आल्यावर एका संध्याकाळी मायानं त्याला सगळं सांगितलं, बाटलीपासून त्या ओळीपर्यंत. "अजून जरासं थांबली असती मी, तं..."

 तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मीबी नसतो थांबलो."

तरी ती त्याच्यासमोर जेवेना. त्याला पेज गाळून द्यायची आणि आपण स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, चावल्याचा आवाज होऊ न देता दोन घास ढकलायची. एक दिवस तो पेजेचा पेला घेऊन आत आला आणि तिच्याजवळ खाली बसला.

"इकडं तोंड कर."

ती वळली.

"जेव."

तिनं पोळीचा तुकडा मोडला. तिचा घास चावून, गिळून होईपर्यंत त्यानं पेला तोंडाला लावला नाही.